नमस्कार शिकलेला हात

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही मैदानात उभे आहात. हातात चेंडू आहे, समोरचा गडी अगदी टप्प्यात आलाय. तुम्ही नेम धरता, हात उगारता, आणि तुमचा हात तुमचं न ऐकता चेंडू टाकून देतो. मग तो दुसऱ्या हाताला जाऊन चिकटतो आणि समोरच्याला चक्क नमस्कार करतो! हसू आलं ना? आर्वी माने हिच्या वर्गातली मुलंही अशीच हसली होती. आता डोळे उघडा आणि हे कसं झालं ते नीट ऐका. यात चूक आर्वीची नव्हती, हाताचीही नव्हती.

आणखी थोड्या वर्षांनी येणाऱ्या काळातली ही गोष्ट आहे. तासगावात आधारवेल सेवा क्लबची साप्ताहिक सभा दर गुरुवारी संध्याकाळी भरायची. अध्यक्ष अविनाश गुळवणी गळ्यात पदक अडकवून पितळी घंटा वाजवायचे की सभा सुरू. गुळवणींचं बाजारपेठेत साड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते ओळखीचं की अनोळखी हे कळण्याआधीच त्यांचे हात जोडले जात. माणूस मनाचा मोठा, कामाला वाघ. फक्त कुठलंही काम फोटो निघाल्याशिवाय पुरं झालं असं त्यांना वाटत नसे.

त्या वर्षी क्लबनं मोठं काम हाती घेतलं होतं. दहा वर्षांच्या आर्वीचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला होता. तिला क्लबतर्फे ‘उमजहात’ बसवायचा होता. मिरजेच्या एका प्रयोगशाळेत डॉ. फरीदा मुजावर यांनी तो तयार केला होता. कोपराखालच्या स्नायूंमधली सूक्ष्म वीज ओळखून तो बोटं हलवायचा. मनगटावर मसुराच्या दाण्याएवढा डोळा होता, त्यातून समोर काय आहे ते त्याला दिसायचं.

हात बसवायला डॉ. फरीदा क्लबच्या सभागृहातच आल्या. सगळे सभासद कोंडाळं करून उभे राहिले.

“हा हात कोरा आहे,” त्या म्हणाल्या. “कोल्हापुरी चप्पल नवी असताना कशी पायाचा आकार घेते, तसा हा पहिला आठवडाभर आर्वीकडून शिकेल. समोर काय असताना ती काय करते, ते सगळं तो टिपेल. याला आम्ही घडणकाळ म्हणतो. नंतर तो पक्का होतो, मग बदलणं फार अवघड. तेव्हा एवढे दिवस तिला हवं ते करू द्या. खाऊ दे, खेळू दे, भांडू दे. काय गं, पहिल्यांदा काय करायचंय तुला?”

“आबाधोबी,” आर्वी लगेच म्हणाली. “गल्लीतल्या वैभ्याची पाठ चेंडूनं शेकायचीय. हात गेल्यापासून तो लई उड्या मारतोय.”

सगळे खो खो हसले. आर्वीची आई शैला पदर तोंडाला लावून म्हणाली, “गल्लीत हिच्याएवढा नेम कुणाचा नव्हता हो.”

“खेळायचंच आहे, बाळ,” गुळवणींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पण गुरुवारी आपले प्रांतपाल येणार आहेत. तेवढा कार्यक्रम होऊ दे, मग खेळ की जन्मभर.”

डॉ. फरीदा काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात सेक्रेटरी ओसवालांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला.

प्रांतपाल म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अशा साऱ्या क्लबांचे प्रमुख. त्यांच्यासमोर आर्वीनं नव्या हातानं नमस्कार करायचा, असं ठरलं. पहिल्या तालमीत नवा हात वाकडा आला. दुसऱ्यांदा बोटं उघडी राहिली. “पुन्हा एकदा, बाळ. जरा हसून,” गुळवणी म्हणायचे. रोज शाळा सुटली की आर्वी सभागृहात यायची. प्रत्येक सभासदाला तिच्यासमोर उभं राहून आपला वेगळा फोटो हवा होता. कुणी त्या वेळी डोळे मिटले, कुणाचं पोट पुढं आलं, की पुन्हा एकदा. चेंडू तिच्या दप्तरात तसाच पडून होता.

गुरुवारी नमस्कार असा सुरेख झाला की प्रांतपालांचे डोळे पाणावले. क्लबला त्या वर्षीचा उत्कृष्ट सेवेचा चषक मिळाला.

काही आठवड्यांनी शैला आर्वीला घेऊन दुकानात आली. साडी घ्यायला नाही हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. गुळवणी गल्ल्यावरून उठून पुढं झाले आणि सवयीनं त्यांचे हात जोडले गेले. त्याच क्षणी आर्वीच्या उजव्या हातातली दप्तराची पट्टी सुटली, दप्तर धपकन पडलं आणि तो हात डाव्या हाताला जाऊन भिडला. तिनं डाव्या हातानं त्याला खाली दाबलं. तो पुन्हा वर आला.

“शाब्बास!” गुळवणी कौतुकानं म्हणाले.

आर्वीनं मान खाली घातली. शैला हळूच म्हणाली, “दादा, ती करत नाही. हात करतोय. कुणीही समोर आलं की असंच. बाई फळ्यापाशी बोलावतात, तर खडू खाली आणि हात वर. जेवताना भाऊ समोर बसला की घास सांडतो. पोरं तिला ‘स्वागत समिती’ म्हणतात. आता शाळेत जायचं नाही म्हणते.” मग ती घाईघाईनं पुढं म्हणाली, “तुमचे उपकार आहेतच. तक्रार नाही हो. एवढं विचारायला आले, की आमचं काही चुकलं का?”

ते वाक्य गुळवणींना कानफटात बसल्यासारखं लागलं. चूक ज्याची, त्यालाच शैला हे विचारत होती. दुकानातल्या दोन्ही नोकरांसमोर त्यांना तोंड कुठं लपवावं ते कळेना. त्यांनी आर्वीचं दप्तर उचलून दिलं, तर तिचे हात पुन्हा जोडले गेले आणि दप्तर पुन्हा पडलं.

डॉ. फरीदा दुसऱ्याच दिवशी आल्या. हात तपासून त्यांनी एकच प्रश्न केला, “घडणकाळात काय केलंत?”

गुळवणींनी खिशातून मोबाइल काढून त्यांच्यापुढं धरला. एकामागून एक फोटो सरकत गेले. प्रत्येकात आर्वी हात जोडून उभी, आणि बहुतेक फोटोंत समोर ते स्वतः, हसत. या फोटोंवर त्यांनी किती वेळा प्रेमानं बोट फिरवलं होतं! फोटोतली ती मुलगी आपल्याकडे बघत नव्हती, कॅमेऱ्यामागच्या खिडकीतून मैदानाकडे बघत होती, हे त्यांना आता पहिल्यांदाच दिसलं.

“आता हे पुसता नाही येणार?” त्यांनी विचारलं.

“येईल. पण मग सगळंच जाईल. या हातानं ती लिहायला शिकलीय, वेणी घालायला शिकलीय. तिच्या मेंदूनंही तो आपला मानलाय. दुसरा उपाय आहे, पण वेळखाऊ. सवय जिथं लागली तिथंच ती मोडावी लागते. हीच माणसं पुन्हा तिच्यासमोर उभी राहिली पाहिजेत, आणि तिनं नमस्कार सोडून दुसरं काहीतरी केलं पाहिजे. तिला करावंसं वाटेल असं.”

त्या गुरुवारी गुळवणींनी घंटा वाजवली नाही. पदक पेटीतच ठेवलं, झालेलं सगळं सांगितलं आणि सभासदांनी आर्वीसमोर आबाधोबीला उभं राहावं असं सुचवलं.

“त्यात एवढं काय?” वकील देशिंगकर म्हणाले. “मुलगी मोठ्यांना नमस्कार करते. चांगला संस्कार आहे!”

“संस्कार असता तर कधी करायचा ते तिनं ठरवलं असतं,” गुळवणी म्हणाले. “वकीलसाहेब, उद्या तुमचा हात न्यायाधीशांपुढं असा आपोआप जोडला जायला लागला, तर चालेल?”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

ओसवालांनी घसा साफ केला. “म्हणजे आपण मैदानात उभं राहायचं, आणि पोरीनं आपल्याला चेंडू मारायचे? गावाच्या डोळ्यांदेखत?”

“कार्यक्रम गावाच्या डोळ्यांदेखतच केला होता, ओसवाल.”

शनिवारी शाळा सुटल्यावर सभासद मैदानावर आले. सगळे नव्हते, पण बरेच होते; डॉ. फरीदाही होत्या. कुंपणाला मुलं लोंबकळली होती आणि त्यांत तो वैभ्याही होता. ओसवालांनी सवयीनं मोबाइल बाहेर काढला, आणि गुळवणींकडे नजर जाताच निमूटपणे खिशात घातला.

पहिले उभे राहिले गुळवणी. आर्वीनं रबरी चेंडू उजव्या हातात घेतला, उगारला. बोटं सुटली, चेंडू पडला, नमस्कार. कुंपणापाशी हशा पिकला. “स्वागत समिती आली रे!” कुणीतरी ओरडलं.

गुळवणी वाकले. गुडघा कुरकुरला. त्यांनी चेंडू उचलून तिला दिला. पुन्हा तेच. पुन्हा वाकणं. ऊन कलायला लागलं तरी हात ऐकेना. आर्वीचे डोळे भरून आले. “नको काका. नाही होणार,” ती म्हणाली.

तेव्हा गुळवणींचं लक्ष सहज स्वतःकडे गेलं. चेंडू देऊन सरळ होताना दर वेळी त्यांचेही हात छातीपाशी जोडले जात होते. हात तिचा असो वा त्यांचा, शिकवण एकाच माणसाची होती. त्यांना शरमेनं घाम फुटला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

“आणखी एकदा बघ, बाळ,” ते म्हणाले. “फोटोसाठी नाही. वैभ्यासाठी.”

आर्वीनं त्यांच्या पाठीमागं गेलेल्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं आपला डावा हात, तिचा जन्मापासूनचा हात, तसाच पाठीमागं नेला आणि परकराच्या नाडीत अडकवून टाकला.

उजवा हात चेंडू घेऊन वर आला. छातीपाशी येऊन थबकला. बोटं सैल व्हायला लागली. ठरल्या जागी ठरलेला तळवा नव्हता. हात जरासा डावीकडे गेला, उजवीकडे आला, कुणी हरवलेलं माणूस शोधावं तसा. डॉ. फरीदा श्वास रोखून बघत होत्या. डावा हात अडकवायचं त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. कुंपणावरचा गलका थांबला. आणि मग, एकेक करून, ती बोटं पुन्हा चेंडूभोवती मिटली.

आर्वी दोन पावलं मागं सरकली. तिनं नाक ओढलं आणि गुळवणींच्या पोटाकडे नेम धरला.

“काका,” तिनं विचारलं, “जोरात मारू?”