भिंतीत गेलेली वायर

गिटारचा आवाज वाढवायला अ‍ॅम्प कोणता घ्यायचा, एवढंच विचारलंत ना? मग तो दिवा मालवा आणि नीट बसा. माझ्या एका मित्रालाही एवढंच ठरवायचं होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून आम्ही त्याला लिफ्टवालाच म्हणायचो. अडकलेली माणसं बाहेर काढण्यात त्याचा हातखंडा. बंद दाराला तोंड लावून दरवेळी तेच वाक्य म्हणायचा, "घाबरू नका, मी आलोय. तुम्हाला काढल्याशिवाय जाणार नाही." आणि खरंच जायचा नाही, मग घरी बायको जेवायची थांबलेली का असेना.

चाळिशीत या गृहस्थाला गिटारचं वेड लागलं. घरी वाजवली की बायको म्हणायची, "अहो, शेजारी घर विकून जातील." मित्रांबरोबर वाजवायला बसला, तर ड्रमच्या दणक्यात त्याचं कुणाला ऐकूच यायचं नाही. म्हणजे घरात कुजबुजणारा आणि चौघांत तोंड उघडणारा असा छोटा अ‍ॅम्प हवा होता.

नोव्हेंबरची नऊ तारीख, शनिवार. रात्री आठला तो दुकानात पोचला. दुकान तिसऱ्या मजल्यावर, आणि दुकानदार एकटाच, म्हातारा आणि बोलघेवडा.

"पाच वॅट घरापुरता ठीक," दुकानदार म्हणाला. "पंधराचा घेतलात तर ड्रमपुढे टिकाल. आत खोलीत लावून बघा. पण लवकर हं, साडेआठला बंद करतो. दोन दिवस मुलीकडे चाललोय."

ती खोली म्हणजे एक पेटीच होती. भिंतींना वीतभर जाड फोम, दार गादीसारखं. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. हत्यारांची पिशवी त्यानं बाहेर खुर्चीखाली सरकवली. दार आपल्याच वजनानं लागलं.

पंधराचा लावून पाहिला, छान होता. मग कोपऱ्यातला एक छोटा दिसला, सेलवर चालणारा. त्याला दोन भोकं होती, म्हणजे दोघांनी एकदम वाजवायची सोय. एकात आधीच एक वायर खुपसलेली होती. तिचं दुसरं टोक समोरच्या भिंतीच्या फोममध्ये गेलं होतं. पलीकडच्या खोलीत काहीतरी असेल म्हणून यानं तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या भोकात आपली गिटार लावली आणि गडी रमला.

आठ चाळीसला दिवे गेले.

म्हाताऱ्यानं बंद दार पाहिलं, आत सामसूम, गिऱ्हाईक गेलं समजून मेन स्विच पाडला आणि शटर ओढलं. यानं अंधारात दाराची मूठ धरून ओढली. मूठ हातात आली. आधी त्याला हसूच आलं, गावाची दारं उघडणारा आणि स्वतःच कोंडलेला! मग फोन काढला. रेंज नाही. दारावर बुक्क्या मारल्या, तर गादीवर मारल्यासारख्या. दोन दिवस... आता मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

छोट्या अ‍ॅम्पचा लाल दिवा तेवढा चालू होता. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीला, तोंड लावून ओरडलं की आवाज स्पीकरमधून येतो, हे तुम्हाला माहीतच आहे. ती वायर पलीकडे जाते, पलीकडे कुणी असेल तर ऐकेल, असा त्यानं हिशेब केला. आवाज पूर्ण वाढवला आणि ओरडला, "कुणी आहे का?"

त्यानं स्पीकरला कान लावला.

मग स्पीकरमधून हळूच आवाज आला. "मी अडकलोय."

हा आवाज त्याचा नव्हता. पण वीस वर्षांची सवय बघा. तोंडातून आपोआप निघालं, "घाबरू नका, मी आलोय. तुम्हाला काढल्याशिवाय जाणार नाही."

बोलून गेला आणि मग त्याला आपलीच लाज वाटली. स्वतः कोंडलेला माणूस कुणाला काढणार?

"कधीपासून आहात?" त्यानं विचारलं.

"दिवे गेले तेव्हापासून."

"म्हणजे आत्ताच?"

"नाही..."

त्यानं भिंतीतली वायर चाचपून धरली. "तुमच्याकडे वायरचं टोक आहे का? असेल तर तीन हिसके द्या."

एक. दोन. तीन.

आणि मग थांबलं नाही. वायर ताणली गेली. हातातून सुटली. अ‍ॅम्प फरशीवर घासत निघाला... हळूहळू... भिंतीकडे. लाल दिवा पुढे सरकत होता. हा दाराला पाठ लावून बसला. गुडघे पोटाशी. श्वास पुरेना.

"हवा संपली," आवाज म्हणाला. "तुम्ही इकडे या."

अ‍ॅम्प भिंतीला टेकला.

"या ना..."

तेवढ्यात पाठीमागचं दार उघडलं आणि हा उताणा बाहेर पडला. म्हातारा चष्मा विसरला होता, तो घ्यायला आला होता. खुर्चीखालची पिशवी दिसली म्हणून त्यानं दार उघडून पाहिलं. मित्र उठला आणि जिन्याकडे पळत सुटला. दार आपोआप लागत होतं. लागता लागता आतून ऐकू आलं.

"गेलात?"

तीन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. भीतीनं नाही, शरमेनं. चौथ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन तो परत गेला. म्हाताऱ्यानं वेड्यात काढलं, पण फोम काढू दिला. पलीकडे खोली नव्हतीच. ती इमारतीची बाहेरची भिंत, आणि तिच्यापलीकडे तीन मजले खाली रस्ता. वायर सरळ सिमेंटमध्ये गेली होती. यानं दोन विटा फोडल्या. वायर पुढच्या विटेच्या पोटातून तशीच पुढे गेलेली. शेवटी त्यानं ती अ‍ॅम्पमधून काढून मोकळी सोडली.

अ‍ॅम्प त्यानं घेतला नाही. पण अजूनही दर शनिवारी आठ चाळीसला तो तिथे जातो, वायर हातात धरतो आणि म्हणतो, "मी आलोय." तीन हिसके येतात.

पहिल्या वर्षी ती भिंतीबाहेर दीड हात लोंबत होती. परवा त्याच्याबरोबर जाऊन मी स्वतः मोजली.

चार बोटं उरलीय.