तळ्यातल्याचं बारसं

शनिवारी दुपारी जेवणं झाली की आखातात, अल बर्शातल्या त्या फ्लॅटमध्ये पडदे ओढले जायचे, एसी वाढवला जायचा आणि जगातला सगळ्यात टुकार सिनेमा लावला जायचा. टुकारच हवा, अशी अट होती. राक्षस रबराचा हवा, त्याला हलवणाऱ्या दोऱ्या दिसायला हव्यात, आणि पळता पळता नायिका सपाट रस्त्यावर ठेचकाळायलाच हवी. सिनेमा जरा बरा निघाला की निनाद वैतागायचा.

"छे, ह्यात अभिनय आहे. बंद करा."

निनाद म्हणजे मुग्धाचा धाकटा भाऊ. त्याची बायको ईश्वरी, आठ वर्षांची मुलगी अनन्या, आणि समोरच्या इमारतीत एकटी राहणारी मुग्धा, एवढीच ही मंडळी. आवाज बंद करायचा आणि संवाद आपण म्हणायचे, मराठीतून, अशी त्यांची रीत होती. निनाद नायक. ईश्वरी सगळ्या बायका. शास्त्रज्ञ अनन्याकडे, कारण ती इंग्रजीत बोलते आणि शास्त्रज्ञांना ते शोभतं. राक्षस मुग्धाकडे. आठवडाभर विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांचे फोटो तपासायचे, ओरखडा जुना की नवा ते सांगायचं, लोकांची लबाडी पकडायची. आणि शनिवारी भावाच्या सोफ्यावर मांडी ठोकून डरकाळ्या फोडायच्या.

शिवाय बारसं. राक्षस पहिल्यांदा दिसला की पॉज. मग मुग्धाने, आत्या म्हणून, टीव्हीशी वाकायचं, राक्षसाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" म्हणायचं आणि नाव सांगायचं. बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, खऱ्या बारशात आत्याला घालतात तसे. अशा रीतीने एका महाकाय खेकड्याचं नाव दामूअण्णा पडलं होतं, आणि एका उडत्या ऑक्टोपसचं सौभाग्यवती कुमुदिनी.

ह्यात घाबरण्यासारखं काय होतं? काही नव्हतं.

*

ती डिस्क शारजातून आली. ऑफिसच्या कामाला गेलेला निनाद परतताना नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, कंटाळून त्याने गाडी आतल्या रस्त्याला घेतली, आणि समोर कायमचं बंद होत असलेलं एक व्हिडिओचं दुकान. डिस्क साध्या कागदी पाकिटात होती, वर नाव नाही.

"ये मत लो भाई, एकदम बकवास है," दुकानदार म्हणाला.

निनादला आणखी काय हवं होतं!

सिनेमा कुठल्या देशातला ते कळेना. आवाज बंद करण्यापूर्वी त्यांनी थोडं ऐकलं. ईश्वरी म्हणाली रशियन, निनाद म्हणाला फिलिपिनो, अनन्या म्हणाली "नो वन टॉक्स लाइक दॅट."

पडद्यावर: गावाबाहेरचं तळं. पाण्यावर हिरवी साय. काठाशी एक बाई कपडे धुते आहे. तिच्या मागे पाण्यातून डोकं वर येतं, मग खांदे. चिखलाच्या रंगाचं रबर, डोळ्यांच्या जागी पिवळी झाकणं. तो बाईला ओलांडतो, आपल्याकडे पाठ करतो आणि गावाकडे चालू लागतो. मानेपासून कमरेपर्यंत त्याला चेन आहे. वरचं टोक डावीकडे वाकलेलं. तो हात उगारतो तशी चेन वरून खाली उघडत जाते, आणि आतला पांढरा बनियन दिसतो.

"चेन!" निनाद सोफ्यावरून उठलाच. "अहो काका, चेन लावा! बायामाणसं आहेत गावात!"

"नको रे, हसवू नकोस," ईश्वरी पोट धरून म्हणाली. सातवा महिना होता तिला.

मुग्धाने पॉज करून फोनवर फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ईश्वरीचं मागचं बाळ राहिलं नव्हतं. त्यामुळे ह्या खेपेला घरात सगळे जपून बोलत, जपून हसत, आणि शनिवारचे हे दोन तास सोडले तर ईश्वरी हसतच नसे. दुसरं असं की इथल्या डॉक्टरांनी मुलगा आहे हे सरळ सांगून टाकलं होतं. पुण्यात हे कायद्याने सांगत नाहीत, म्हणून तिथे नाव बारशापर्यंत थांबतं. इथे ते थांबलं नाही. आत्याचा मान म्हणून मुग्धाने ते निवडलं होतं. नीरव. तिघांनाच माहीत होतं, अनन्यालाही नाही. स्वतःचं मूल नसलेली मुग्धा ऑफिसला जाताना मेट्रोच्या काचेत बघून ते नाव मनात म्हणून बघायची. येताना पुन्हा.

"आत्या, बारसं!" अनन्या ओरडली.

मुग्धा वाकली. टीव्हीच्या काचेजवळ हातावरची लव उभी राहिली. आज बाबुराव तळेकर, असं तिने ठरवलं होतं.

"कुर्रर्र," ती म्हणाली. "नीरव."

पाठीत एकच धपाटा बसला, अनन्याचा. बाकीचे दोन आलेच नाहीत.

"ताई," ईश्वरी म्हणाली. एवढंच.

"अगं, तोंडातून गेलं. सारखं तेच घोळत असतं ना डोक्यात..."

"जाऊ दे." निनाद हसला, पण जरा उशिराच. "कॅन्सल. नवीन नाव ठेव. यल्ला, चल."

मुग्धाने पुन्हा वाकून बाबुराव तळेकर म्हटलं. सगळ्यांनी धपाटे घातले, टाळ्याही वाजवल्या. निनादने प्ले दाबलं.

पडद्यावर: तो चालत नाही. आपल्याकडे पाठ करून उभा आहे. मागे बाई तोंड उघडून ओरडते आहे, तिच्याकडे त्याचं लक्ष नाही. मान थोडीशी वळते. कुणी हाक मारल्यावर माणूस खात्री करायला थांबतो, तसा तो थांबला आहे.

"असंच असेल ते," निनाद म्हणाला. "डायरेक्टर जेवायला गेला असेल."

अनन्या पडद्याकडे बघत होती. "ही लाइक्ड द फर्स्ट वन," ती म्हणाली.

*

पुढच्या सोनोग्राफीत बाळ पाठ करून बसलं होतं.

"शाय बॉय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नेक्स्ट टाइम चेहरा दाखवेल, इन्शाल्ला."

त्याच्या पुढच्या वेळीही पाठच. सगळं ठीक होतं, वजन, ठोके, सगळं. ईश्वरीने तो फोटो फ्रिजवर लावला. काळ्यात वाकलेला पांढरा कणा, दाण्याला दाणा लागून. मुग्धा पाणी प्यायला गेली की त्याच्याकडे बघायची. कणा असाच दिसतो, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांचाच असाच दिसतो.

मग एका शनिवारी अनन्याने हट्टच धरला. "द पॉन्ड वन. प्लीज."

पडद्यावर: तळं, साय, बाई. तो पाण्यातून वर येतो. बाईला ओलांडतो. निनादने "चेन" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं, कारण तो वळत नाही. तो गावाकडे जात नाही. समोर बघत, आपल्या दिशेने, एकेक पाऊल टाकत येतो. पुढच्या प्रसंगातही समोर. त्याच्या पुढच्याही. सैनिक त्याच्या मागून गोळ्या झाडतात, तरी तो आपल्याकडेच बघतो.

सिनेमा संपेपर्यंत त्याची पाठ दिसली नाही.

मुग्धाने फोनमधला फोटो उघडून टीव्हीशेजारी धरला. तेच तळं, काठावर तीच बादली. फोटोत पाठ आणि चेन. पडद्यावर त्याच जागी त्याची छाती.

"दुसरा भाग असेल डिस्कवर," निनाद म्हणाला.

"बादली तीच आहे, निनाद. फेससुद्धा तोच आहे."

"मग काय म्हणायचंय तुला?"

"ओरखडा आपोआप भरून येत नाही, एवढंच."

तो तिला बाल्कनीत घेऊन गेला. खाली शेख झायेद रोड उन्हात चकाकत होता. "ताई, गाड्यांची लफडी तू ऑफिसात शोध," तो दात आवळून म्हणाला. "ईश्वरीसमोर ह्यातलं एक अक्षर काढलंस तर बघ. मागच्या वेळेनंतर ती कशी होती, मी पाहिलंय."

पण विषय काढला तो ईश्वरीनेच. मुग्धा तिच्या पायांना तेल लावत होती तेव्हा.

"ताई, नाव बदलू या?"

"का गं?"

"मी हाक मारते ना त्याला, तेव्हा तो हलत नाही." ईश्वरी छताकडे बघत होती. "टीव्ही बंद असला तरी टीव्हीसमोर गेले की हलतो."

*

ईश्वरीची आई, प्रमिलाकाकू, बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या. मेथीचे लाडू, डिंक, धुतलेल्या जुन्या साड्यांची दुपटी. नावाची गोष्ट कळली तेव्हा त्यांनी हातातलं दुपटं खाली ठेवलं.

"जन्मायच्या आधी नाव घेतलंतच कशाला? आम्ही डोहाळजेवणात पेढा की बर्फी करतो, हसतो, आणि गप्प बसतो."

"इथे सगळेच ठेवतात हो," निनाद म्हणाला.

"ठेवा. पण मग त्यालाच ठेवा. वाटत काय सुटलात?"

मुग्धाची मान वर झाली नाही. वरद हे नाव त्याच दिवशी ठरलं.

ती डिस्क तिने मागून घेतली, आपल्या घरी आणली. रजा टाकून, भर दुपारी, पडदे सताड उघडे ठेवून लावली.

पडद्यावर: तळं. साय. बाई कपडे धुते आहे.

पाणी हलतं.

काही वर येत नाही.

बाई मागे बघते, ओरडते, पळते. गावातले लोक मोकळ्या रस्त्याकडे बोट दाखवून पळतात. सैनिक हवेवर गोळ्या झाडतात. सगळ्यांच्या तोंडावर भीती आहे, आणि समोर कुणीही नाही.

मुग्धा जागची हलली नाही. शेवटापर्यंत पाहिलं तिने.

शेवटी ती बाई एकटीच काठाशी येऊन बसते. पाण्याकडे बघून हाक मारते. पुन्हा पुन्हा, एकच हाक. आवाज वाढवायचा मुग्धाला धीर झाला नाही. पण ओठ दिसत होते. आधी ते फाकत होते, शेवटी खालचा ओठ वरच्या दातांना टेकत होता.

फोन वाजला.

"ताई, निघ," निनाद म्हणाला. "ईश्वरीचं पाणी गेलंय."

तिने डिस्क काढली, दोन तुकडे केले आणि मजल्यावरच्या कचऱ्याच्या झडपेतून खाली टाकली. मग जिना उतरताना लक्षात आलं की डिस्क ओली होती.

*

मुलगा झाला. गुटगुटीत, सगळं व्यवस्थित. आपल्या बाबाचं नाक. ईश्वरी रडली, मग पहिल्यांदा शनिवार नसताना हसली.

बारशाला मुग्धाने पाळण्याशी वाकून त्याच्या कानात म्हटलं, "कुर्रर्र... वरद." जीभ अडखळू नये म्हणून सकाळपासून ती तेच घोकत होती. धपाटे बसले, चांगले सणसणीत. बाळ उताणं पडून तिच्याकडे बघत होतं. रडलं नाही. झाल्यापासून ते रडलंच नव्हतं, आणि सगळे म्हणत होते, किती शहाणं बाळ.

अनन्या पाळण्यापासून लांब, सोफ्यावर.

"तू नाही घातलास धपाटा?" मुग्धाने विचारलं.

"आय डिड," अनन्या म्हणाली. "लास्ट टाइम."

*

दुसऱ्या दिवशी प्रमिलाकाकू न्हाणीघरात पाटावर बसल्या होत्या, पाय लांब केलेले, बाळ पायांवर पालथं. नळाचं पाणी उन्हाने आपोआपच गरम येत होतं. मुग्धा टॉवेल घेऊन दारात उभी राहिली.

काकूंचा हात तेलाने चकाकत होता. कमरेपासून मानेपर्यंत जायचा, उचलायचा, पुन्हा कमरेशी यायचा. पुन्हा वर.

त्यांनी हात उचलला तेव्हा तिने पाहिलं.

कण्यावरून एक बारीक रेघ. केसाएवढी, जरा उठलेली. सरळ, माणसाच्या अंगावर काही इतकं सरळ नसतं. मानेपाशी मात्र ती वाकली होती.

डावीकडे.

फोटो उघडायची गरज नव्हती. असल्या गोष्टी ती नजरेनेच जुळवायची, तेच तर तिचं काम होतं.

"काकू, मी लावू?" तिने टॉवेल खांद्यावर टाकला.

काकू सरकल्या. बाळ तिच्या पायांवर आलं. ऊबदार, जड, दुधाचा वास येणारं. ह्याचीच वाट पाहिली होती तिने, मेट्रोच्या काचेत बघत.

"खालून वर चोळ," काकू म्हणाल्या. तिच्याकडे न बघता त्या बादलीत हात बुडवत होत्या. "नेहमी खालूनच वर. काल ईश्वरीचा हात चुकून वरून खाली गेला. मी होते म्हणून लगेच बंद केली."

नळ चालू होता. बाहेर कुणीतरी टीव्ही लावला.

बाळाने मान वळवली, ऐकल्यासारखी.

मुग्धाने तेलात बोटं बुडवली, तळहात त्याच्या कमरेवर ठेवला, आणि हळूच, फार हळूच, मानेकडे नेला. हाताखाली बारीक दाते एकेक करून मिटत गेले.