शटर पाडलं की बंद

बडोद्याजवळ छाणीला गॅरेज असलेल्या हंबीरराव मोहित्यांनी जन्मात पुष्कळ ऐकून घेतलं, पण "तुम्हाला स्लो लावता येत नाही" हे नाही! आणि म्हणालं कोण, तर शरच्चंद्र मास्तर, ज्यांना पाना कुठल्या तोंडानं धरतात ते ठाऊक नाही.

शहाण्णव साल. मास्तरांच्या गाडीचं इंजिन कामातून गेलं, म्हणून हंबीररावांनी भंगारातलं दुसरं आणून बसवलं. टायमिंग लावलं, स्लो लावला. पायडल न दाबता इंजिन असं शांत फिरू लागलं की बॉनेटवर भरली कपबशी ठेवावी. पण त्यांची एक रीत होती. रस्त्यावर ट्रकांचा गोंगाट, म्हणून शेवटचा हात ते दुपारी, शटर पाडून, नुसत्या कानानं फिरवत. आणि शटर खाली आलं की हे इंजिन अडखळायचं, धापा टाकायचं, बंद! शटर वर केलं की पुन्हा लोण्यासारखं. तीन दुपारी हेच. जो फिरवून टायमिंग लावतात त्या डिस्ट्रिब्युटरवर चुन्याची खूण केली, तर बोल्ट घट्ट आणि खूण बोटभर सरकलेली.

"उद्या पाचला येतो," मास्तर म्हणाले. "नाही जमलं तर कॉम्प्युटरवाल्याकडे नेतो. चारचौघांत विचारलं तर खरं तेच सांगेन, बुवा."

अठ्ठावीस वर्षांचं नाव, आणि ते ह्या भंगारापायी घालवायचं? सकाळीच हंबीरराव भंगारवाल्याच्या मानगुटीवर जाऊन बसले. तो आधी "जूनी वात छे, जवा दो ने" करत राहिला. मग आवाज उतरला.

"तिकडे गोरव्याला एका शेडमधलं आहे... सुभानराव मिस्त्री आत स्लो लावत होता. काम पुरं झाल्याशिवाय जाऊ नये म्हणून शेठनं बाहेरून कुलूप घातलं. धुरानं गेला बिचारा."

"आणि तो शेठ?"

"तोही वारला, दिवाळीत."

"माणूस मारला, आणि वर त्याचं इंजिन विकून खाल्लंत? लाजा कशा वाटत नाहीत रे?"

त्याच दुपारी त्यांनी शटर पाडलं. माझं शटर, माझ्या हातात. कोण कोंडतोय मला? स्लोचा स्क्रू दोन आटे जास्त आवळला. इंजिन खोकलं... कानाशी कुणीतरी "नको... नको" केल्यासारखं वाटलं.

"गप, लेका! तुझ्यापायी माझी अब्रू चाललीय."

या वेळी ते बंद पडलं नाही. ठोका एकसारखा. जळक्या पेट्रोलचा वास दाटला, कपाळ ठणकू लागलं. पुरे, म्हणून ते शटर उचलायला गेले. शटर तसूभर हललं नाही. पलीकडे कुलूप खडखडलं.

"मथुराबाई! अहो मथुराबाई! कोण आहे बाहेर...?"

धावत जाऊन किल्ली फिरवली. इंजिन थांबेना. आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत, कुणी हात लावल्याशिवाय, डिस्ट्रिब्युटर वळू लागला... सावकाश, जोर लावून. इंजिन गुदमरलं आणि थांबलं.

शेजारच्या चहावाल्या मथुराबाईंनी दगडानं कुलूप फोडलं तेव्हा त्या रडत होत्या. "अहो, एक शेठ आले, म्हणाले, आत काम चाललंय, ठोकाठोक व्हायचीच. मला वाटलं तुमच्यापैकीच. कुलूप घालून इथेच बाकावर बसले होते की... ऐकत. आत्ता उठले."

हंबीरराव रस्त्यावर भडाभडा ओकले. मग उभे राहून त्या शेठच्या सात पिढ्या उद्धारल्या. मेल्यावरही सवय सुटत नाही मेल्याची!

पाचला मास्तर आले.

"गाडी मिळायची नाही," हंबीरराव म्हणाले. "इंजिन उतरवतोय. खुशाल सांगा सगळ्या बडोद्याला, हंबीररावाला स्लो लावता येत नाही म्हणून!"

"अहो, पण कोपऱ्यावर तुमचे शेठ भेटले ना मला," मास्तर गोंधळून म्हणाले. "मोठा अगत्याचा माणूस. घरी गाडी ठेवायची खोली बाहेरून बंद होते का, विचारत होते. पत्ता दिलाय मी. आमची लेक निरुपमा एकटीच आहे घरी, पण म्हटलं, जाऊन बघा."