निळ्या लोकरीची खूण

"पुढे पाय टाकू नकोस!" भिंग ओरडली आणि रेडिओचा पाय हवेतच राहिला.

"स... साप?"

"भोकं! खाली बघ!"

जास्वंदीच्या झुडपाखाली ओल्या मातीत तीन गोल भोकं होती, त्रिकोणात. तात्याचं लक्ष मात्र वर होतं. बुलबुलाचं वाटीएवढं घरटं फांदीवरून तिरकं लोंबत होतं. काल त्यात पिल्लं चोची वासून बसली होती. आज त्याच्या काठाला एक पीस चिकटलं होतं, बस.

"कावळा," तात्या उसासा टाकून म्हणाला. तो तिघांत लहान, पण बोलणं पेन्शनरासारखं, म्हणून तात्या. रेडिओ एकदा सुरू झाला की बंद व्हायचा नाही. आणि भिंग कुठलीही गोष्ट नाकाशी नेल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायची नाही.

सुट्टी लागल्यापासून तिघं रोज सकाळी शहराच्या या बागेत घरटी बघायला येत होती. घरटं सापडलं की फांदीला निळ्या लोकरीचा तुकडा बांधायचा, ही भिंगची युक्ती. म्हणजे रोज पानं चाळायला नकोत, पक्षी बिचकायला नकोत. असे चार तुकडे बांधले होते. त्यातली तीन घरटी आता ओस पडली होती.

"हुशार आहे हं कावळा!" रेडिओ म्हणाला. "बरोब्बर लोकरवालीच घरटी फोडतोय!"

भिंगने एक अर्ध्यातच संपलेली डहाळी डोळ्यांजवळ धरली. "आणि कात्रीही चालवतो वाटतं! टोक बघ, कसं गुळगुळीत आहे. मोडली असती तर साल सोलली असती. माळीकाका छाटतात ते सगळीकडून सारखं. इथे फक्त उगवतीकडची पानं गेलीत."

"म्हणजे कुणाला तरी सकाळचा उजेड आत हवा होता," तात्या पुटपुटला.

"आणि तीन भोकं म्हणजे कॅमेऱ्याचा स्टँड!" रेडिओने टुणकन उडी मारली. "त्याने आडोसा कापला, फोटो काढला आणि गेला. मग कावळ्याला आयतं ताट!"

भिंगची नजर फांदीवरच्या निळ्या तुकड्यावर गेली. त्या माणसाला वाट कुणी दाखवली होती? तिच्याच लोकरीने.

"मामाला सांगते," ती म्हणाली. गळ्यातली दुर्बीण मामाचीच होती, पक्षी ओळखायला त्यानेच शिकवलं होतं. "तो त्या माणसाची चांगली खरडपट्टी काढेल!"

"आधी चोर पकडू, मग मामा," तात्या म्हणाला.

चौथं घरटं तळ्याकाठच्या झाडात होतं आणि त्यात पिल्लं होती. भिंगने तिथली लोकर सोडली आणि अवजारांच्या खोलीजवळच्या दाट झुडपाला बांधली. रेडिओने जास्वंदीवरचं रिकामं घरटं तिथे पानांआड अडकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पाण्याच्या पाइपांमागे दबा धरून बसली. पायवाटेवर शीळ ऐकू आली. भिंग दचकली. ही शीळ ती घरी रोज ऐकायची, मामा दाढी करताना, बूट घालताना.

मामाने लोकर बघितली, स्टँड रोवला आणि खिशातून छोटी कात्री काढली. कच्! एक डहाळी खाली पडली.

रेडिओने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. तात्या पाइपांमागूनच बागेच्या कचेरीकडे सटकला. भिंगला वाटलं, पळून जावं. पण उद्या मामा तळ्याकाठी पोचला तर? ती उठली.

"ते रिकामं आहे, मामा."

मामा चांगलाच दचकला. मग हसला. "भिंगे! जीव गेला असता की माझा! अगं, दोनच फांद्या. उजेडच येत नाही आत. प्रदर्शन जवळ आलंय माझं."

"पिल्लं कावळ्याने नेली."

"कावळे काय, नेतातच गं. आणि लोकर म्हणजे घरटं, हे मागच्या आठवड्यात जेवताना तूच सांगितलंस ना? माझ्याच जुन्या मफलरची आहे, लांबूनही ओळखली!"

तो अजून हसत होता. भिंगने दुर्बीण गळ्यातून काढली आणि त्याच्या स्टँडला अडकवली. तेव्हा कुठे त्याचं हसू थांबलं.

तेवढ्यात तात्या बागेच्या अधीक्षकांना घेऊन आला. त्यांनी कात्री जप्त केली, मामाला चार शब्द सुनावले. मुलांकडे वळल्यावर मात्र त्यांचा चेहरा फुलला.

"शाब्बास! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत! आता उरलेल्या घरट्यापाशी मोठा फलक लावू. 'येथे पक्ष्याचे घरटे आहे', खाली बाण! लोक रांगा लावून बघायला येतील! तिथेच तुमचा फोटोही काढू." ते मामाकडे वळले. "कॅमेरा आहेच की तुमच्याकडे!"

मामाने मान खाली घातली, पण हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला.

"कुठे आहे ते घरटं, बाळ?" अधीक्षकांनी भिंगला विचारलं.

रेडिओने तोंड उघडलं. तात्याने त्याच्या पायावर पाय दिला.

"नाही उरलं," भिंग म्हणाली. "तेही गेलं."

"अरेरे!" अधीक्षक हळहळले आणि त्यांनी तिचा खांदा थोपटला.

घरी जाताना वाट तळ्याकाठूनच होती. बुलबुल चोचीत अळी धरून तारेवर बसला होता, ही तिघं कधी जातात याची वाट बघत. वरच्या पानांत बारीक चिवचिव सुरू झाली.

"चालत राहा," भिंग म्हणाली. "वर बघू नका."