स्विच नसलेलं घर

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला ठाऊक आहे. पण माझी पंचाईत वेगळीच आहे. ही गोष्ट रात्रीची नाहीच... भर दुपारची आहे. वादळ नाही, स्मशान नाही, लाईटही गेलेले नाहीत. प्रदर्शनाचा मोठा हॉल, बाहेर रणरणतं ऊन, आणि हॉलच्या मधोमध फक्त लोकांना दाखवायला बांधलेलं एक घर.

त्या घरात माझी वहिनी एकटी उभी होती.

पुढचं सगळं तिनेच मला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलं.

वहिनी इंटिरियर डिझायनर. नाव कमावलेली. बाकीचे डिझायनर मासिकं चाळून घरं सजवतात, वहिनी डाग बघून सजवायची. काम घेतलं की आधी ते जुनं घर रिकामं करायला लावायची, टॉर्च भिंतीला अगदी टेकवून आडवा धरायची आणि खोलीखोलीतून फिरायची. टॉर्चच्या आडव्या उजेडात भिंतीवरचं सगळं दिसतं. बटणांभोवतीचा काळपट घेर. आजोबा उठताना हात टेकायचे ती जागा. टीव्ही बघताना कुणाचं तरी डोकं टेकून पडलेला तेलाचा गोल.

"माणूस खोटं बोलतो, भावजी," ती मला म्हणायची. "म्हणे आम्ही रोज डायनिंग टेबलवर जेवतो. भिंत सांगते, कॉटवर बसून जेवता."

मग त्या डागांवरून ती नवं घर आखायची. हात जिथे जातो तिथे बटण, पाठ जिथे टेकते तिथे बैठक. लोक चाट पडायचे.

आणि अशा बाईच्या पदरात पडला माझा दादा!

दादा डावखुरा. लहानपणी दारात चेमटून डाव्या हाताची करंगळी वाकडी झालेली, बाकीच्या बोटांपासून फटकून राहायची. घरात आला की वर न बघता अख्खा पंजा भिंतीवर टेकवायचा आणि चाचपत चाचपत बटण शोधायचा. बूट घालताना खुर्चीत मागे रेलून, तेल लावलेलं डोकं भिंतीला टेकायचा. बटणापाशी पंजा, खुर्चीमागे गोल. वहिनीचा जीव खालीवर व्हायचा.

"दुसऱ्यांची घरं चकाचक करते मी, आणि माझ्याच घरात हे! हात धुऊन ये आधी!"

"अगं, डागांवर तर तुझं पोट चालतं," दादा म्हणायचा. "मी माल पुरवतोय."

मग ती चिडायची आणि तो हसायचा. वर्षानुवर्षं हेच.

एका दुपारी दादाच्या छातीत ऑफिसातच कळ आली.

तो घरी आलाच नाही.

वहिनी रडली नाही. लोक म्हणाले, धक्का आहे, रडेल. ती रडली नाही. आलेल्यांना पाणी दिलं, त्यांच्या चपला बाजूला लावल्या. आणि घर रिकामं झाल्याबरोबर रंगाऱ्याला बोलावून सगळ्या भिंती पांढऱ्या करून घेतल्या. पंजा गेला. गोल गेला. बटणंही काढून टाकली. माणूस खोलीत आला की आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे बसवले.

आई म्हणाली, "अगं, एवढी घाई कशाला?"

वहिनी म्हणाली, "ते डाग पुसताना तरी रडू येईल असं वाटलं होतं."

नाही आलं. आम्हा सगळ्यांना तेव्हापासून एकच धास्ती. ही बाई आतल्या आत संपत चालली आहे. चालते, बोलते, काम करते... पण त्यात ती नाही.

मग सुरू झालं.

एका डॉक्टर जोडप्याचं घर तिने पूर्ण केलं होतं. किल्ली तिच्याकडेच. सकाळी रंगाऱ्याचा फोन आला. हा रंगारी म्हणजे तोंडाळ माणूस, चूक कुणाचीही असो, दोष पुट्टीचा.

"मॅडम, तुमच्या सुतारांनी भिंतीला हात पुसलेत बघा. नंतर मला बोलू नका."

वहिनी गेली. दारातून आत आल्यावर बटणापाशी...

डावा पंजा.

करंगळी फटकून.

तो हात त्या घरात कधीच आला नव्हता. ते घर बांधायला घेतलं तेव्हा दादा जाऊन कितीतरी महिने झाले होते.

"तुला भीती नाही वाटली?" मी नंतर विचारलं.

"नाही. बघितलं, आणि रंगाऱ्याला म्हटलं, परत रंगाचा हात मारा."

पुढचं घर एका निवृत्त शिक्षिकेचं. तिथे बूट घालायच्या बाकाच्या मागे, बरोबर डोक्याच्या उंचीवर... तेलकट गोल. रंगारी म्हणाला, पुट्टी ओली राहिली असणार. वहिनीने वाकून वास घेतला. दादाच्याच तेलाचा वास.

"परत मारा," ती म्हणाली.

याच दिवसांत एक मुलगी तिची मुलाखत घ्यायला आली. नेहमीचे प्रश्न. तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते? उद्याची घरं कशी असतील?

"पूर्वी डागांतून मिळायची," वहिनी म्हणाली. मुलीला ती गंमत वाटली. "आणि उद्याच्या घरात डाग नसतील. कारण हात लावायला काही नसेल. बटण नाही, मूठ नाही, कडी नाही. माणूस आला की दिवा लागेल, दार सरकेल. गेला की बंद. कोण राहून गेलं, ते भिंतीला कळणारही नाही."

"किती छान!" मुलगी म्हणाली.

ती मुलाखत गाजली. प्रदर्शनवाल्यांनी वहिनीला सांगितलं, असं एक घर बांधूनच दाखवा. नाव ठरलं, उद्याचं घर. काचेचं सरकतं दार, त्यापलीकडे एकामागे एक खोल्या, सगळ्या भिंती दुधासारख्या पांढऱ्या. एकही बटण नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं आटोपलं. सुतार गेले. रंगारी जेवायला गेला. वहिनी दारातून एकदा शेवटची नजर टाकायला आली. घरात कुणी नव्हतं, त्यामुळे आत अंधार. बरोबरच होतं.

मग पहिल्या खोलीतला दिवा लागला.

ती काचेबाहेर होती. आत कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने तो विझला... आणि दुसऱ्या खोलीतला लागला.

मग तिसऱ्या.

मग पुन्हा दुसऱ्या.

कुणीतरी खोल्याखोल्यांतून हिंडत होतं.

तिने कान दिला. काचेतून आवाज येत होता. कोरड्या भिंतीवरून तळवा फिरवल्याचा.

सर्र... सर्र... थांबायचा. पुन्हा सर्र...

हा आवाज तिने इतकी वर्षं रोज संध्याकाळी ऐकला होता. हातातलं काम न सोडता ती ओरडायची, "उजवीकडे, उजवीकडे आहे बटण!"

वहिनी आत गेली.

दारापासून भिंतीवर पंजे उमटले होते. एक, त्याच्या शेजारी दुसरा, मग फरफटलेली बोटं. खांद्याच्या उंचीवरून सुरू होऊन पुढे खाली गेलेले, वर गेलेले, कोपऱ्यात एकावर एक चढलेले. प्रत्येकाची करंगळी फटकून. प्रत्येक खोलीत. जिथे म्हणून बटण असू शकतं, तिथे तिथे भिंत काळी झाली होती.

तो बटण शोधत होता. आणि तिने कुठे ठेवलंच नव्हतं.

शेवटच्या खोलीत दिवा चालू होता. आवाज तिथूनच येत होता. ती दारात थांबली आणि म्हणाली, "इथे बटण नाहीये रे."

आवाज थांबला.

वहिनी म्हणते, त्या क्षणी तिच्या घशाशी काहीतरी आलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिला वाटलं, आता... आता रडू येणार. ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि त्याला हाक मारली.

आणि दिवा विझला.

ती आत उभी असताना.

तिने हात हलवला. दिवा लागला नाही. पुढे गेली, मागे आली, थेट सेन्सरखाली जाऊन दोन्ही हात वर केले. काळोख तसाच. घशाशी आलेलं ते पुन्हा खाली गेलं.

"मॅडम?" रंगारी परतला होता. त्याने त्या खोलीच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि झगझगीत उजेड पडला. भिंती बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्या दिवशी त्याने पुट्टीचं नाव काढलं नाही.

प्रदर्शनात ते घर उघडलंच नाही. वहिनीने काम सोडलं. फक्त एक गोष्ट केली. वायरमनला बोलावून स्वतःच्या घरात, दाराजवळ, जुन्या जागी जुनं बटण बसवून घेतलं.

वायरमनने विचारलं, "वायर कुठली जोडू?"

"कुठलीच नको. नुसतं बसवा."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बसव बाबा.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी डबा घेऊन गेलो. दुपारचीच वेळ. दार लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले, सगळा काळोख. मी पाऊल टाकलं आणि दिवा लागला.

वहिनी समोरच बसली होती. दादाच्या बूट घालायच्या खुर्चीत, मागे डोकं टेकून.

"अगं, अंधारात काय बसलीस?"

"माझ्याने लागत नाही, भावजी. तुम्ही आलात म्हणून लागला."

मी म्हटलं, सेन्सर बिघडला असेल, उद्या माणूस पाठवतो. माझी नजर बटणाकडे गेली. त्याच्याभोवती काळपट घेर धरला होता... आणि त्यात पंजा. मी तो पंजा लहानपणापासून ओळखतो. त्या हाताने मला सायकल शिकवली आहे.

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"वहिनी... दादा येतो?"

"रोज. दिवेलागणीला येतो, बटण लावतो. मग घरभर शोधतो."

"काय शोधतो?"

"मला."

"पण तू तर इथेच असतेस!"

"हो. समोरच बसलेली असते. हाका मारते. त्याला दिसत नाही मी."

हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. मला मात्र रडू फुटलं. मोठा माणूस मी, डबा हातात धरून लहान पोरासारखा रडलो. ती उठली, माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली. मी डोळे पुसले आणि सहज तिच्या खुर्चीमागे बघितलं.

भिंत पांढरीशुभ्र होती.

तिचे केस तेलाने चपचपलेले होते. दिवसदिवस ती त्याच भिंतीला डोकं टेकून बसत होती. आणि भिंतीवर साधी सावलीसुद्धा पडल्यासारखी दिसत नव्हती. मी पुढे झालो. तिच्यासारखाच मोबाईलचा टॉर्च भिंतीला आडवा टेकवला आणि बघत गेलो. पॅसेज. न्हाणीघराचं दार. ओट्यामागची भिंत, जिथे ती रोज चहा करते. दादाचे हात सगळीकडे होते.

वहिनीचा एकही डाग नव्हता.

ती पाणी घेऊन आली. मी ग्लास बाजूला ठेवला, तिचा हात धरला आणि तळवा भिंतीवर दाबला. चांगला जोर लावून. मग उचलला.

काही नाही. तिथेच बाजूला मी माझा हात टेकवला. घामट डाग लख्ख उठला.

तिने माझा डाग बघितला. स्वतःच्या हाताखालची कोरी भिंत बघितली.

"मला माहीत आहे, भावजी," ती म्हणाली. "पाणी प्या."

तिचा हात गरम होता. एवढं मी शपथेवर सांगतो. नाडी लागत होती.

मी तिला म्हटलं, चल माझ्या घरी, आत्ताच्या आत्ता. ती नाही म्हणाली. तो येईल, आणि तेव्हा घर खरंच रिकामं असेल, म्हणाली. मी खूप विनवण्या केल्या. शेवटी संध्याकाळ झाली तसा उठलो.

मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि मागे दिवा विझला. ती आत बसलेली असूनही. मी चपला घालत होतो. आतून तिच्या श्वासाचाही आवाज येत नव्हता.

मग...

खट्.

बिनवायरीचं बटण. आणि घरात उजेड पडला.

सर्र... सर्र...

"उजवीकडे," वहिनीचा आवाज आला. "मी इथे आहे, उजवीकडे."

मला बरं वाटायला हवं होतं. ती एकटी नव्हती. पण तळवा भिंतीवरून फिरतच राहिला, लांब लांब जात राहिला, आणि मी दादाला हाक न मारता जिना उतरून पळालो.

आजही रोज फोन करतो. ती उचलते, बोलते. जेवलीस का विचारलं तर हो म्हणते. डॉक्टर येऊन तपासून गेले, सगळं ठीक आहे म्हणतात.

त्या संध्याकाळी मी घरी पोहोचलो, आत आलो आणि आधी भिंतीवर हात टेकवला. दिवसभराचा मळका हात. पाची बोटं उमटली.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "आत्ताच रंग दिलाय ना! हात धुऊन ये आधी!"

मी तिथेच, भिंतीला हात लावून उभा राहिलो.

म्हटलं, ओरड. अजून ओरड.