चिनाराची हिरवी खूण

"थांबा हो काका, थांबा! काल खूण होती या झाडावर!" टिकली जीव तोडून ओरडत होती.

पण करवतीच्या घरघरीत ऐकतंय कोण! चिनाराची एक फांदी धाडकन खाली आली. टिकलीचे बाबा याच झाडाखाली सायकली दुरुस्त करायचे. गेल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते ऊन लागून कोसळले होते. 'सावली सोडू नका,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बिचारे बाबा कधीचे हात जोडत होते.

"हिरवी खूण असलेलं झाड राखायचं, नसलेलं तोडायचं. रस्ता रुंद होतोय!" मुकादम खेकसला. "आहे का खूण? नाही ना? मग व्हा बाजूला!"

"तुम्हीच तर रंगवली होतीत काल!" टिकलीचा मित्र भोंगा गरजला. त्याला भोंगा उगीच नव्हते म्हणत!

"ढीगभर झाडं रंगवली मी. कुठलं कुठलं लक्षात ठेवू?"

तिचा दुसरा मित्र ढापण्या मात्र खोडाला नाक लावून उभा होता. "इथे हिरवट काहीतरी आहे."

"शेवाळ असेल," मुकादम म्हणाला.

"भर उन्हाळ्यात शेवाळ?" ढापण्याने नखाने खरवडलं. "रंग आहे हा! आणि त्याच्या शेजारी खोड बघा, कसं गोरंपान! अगं टिकले, खूण कुणी पुसली नाही. चिनाराची साल सुटतेच, तिच्याबरोबर खूणही पडली!"

"मग ते सालपट कुठाय?" टिकलीने विचारलं.

सगळ्यांनी खाली पाहिलं. जमीन लख्ख! सकाळीच झाडलोट झाली होती. आणि कोपऱ्यातल्या कचऱ्यातून धूर येत होता!

"मेलो!" भोंगा किंचाळला.

बाबा ज्या टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधायचे, तो टिकलीने उचलला. निम्मं पाणी फ्रॉकवर, निम्मं आगीवर! तिघं गरम राख उपसू लागली. मागे करवत खोडाला लागली.

"सापडत नाही गं!" भोंगा रडकुंडीला आला.

"हिरवं! हिरवं!" ढापण्या ओरडला. अर्धवट जळकं सालपट घेऊन तिघं सुसाट पळाली.

"बंऽऽद कराऽऽ!" भोंग्याने असा आवाज काढला की करवतवाला दचकून थांबलाच.

"कुठलंही सालपट आणाल आणि आम्हाला शेंडी लावाल होय?" मुकादम हसला.

टिकलीने सालपट खोडाला लावलं. बसेना!

"उलटं धरलंयस, बावळट!" ढापण्या म्हणाला.

तिने ते फिरवलं. काठाला काठ भिडला, अन् हिरव्या फराट्याला हिरवा फराटा!

मुकादमाने कपाळावर हात मारला. "सुटणाऱ्या सालीवरच रंग फासला की मी! शाबास रे पोरांनो, तुमच्यापुढे हात टेकले!" तो रंगाचा डबा घेऊन पुन्हा सुटत्या सालीकडेच निघाला.

"तिथे नको!" तिघं एकदम ओरडली. "सोललेल्या जागी रंगवा!"

बाबांनी टिकलीचे काळे हात हातात घेतले. बोटं भाजली होती. "एवढं कशाला गं, पोरी?"

"गेल्या वर्षी तुम्ही पडलात ना बाबा, तेव्हा मला वाटलं, तुम्ही आता उठणारच नाही," टिकली म्हणाली. मग मात्र तिला रडू आवरेना.