आठशे बारा तास

आमच्या घरी दुसऱ्या मुलीला नवं काही मिळत नाही. ही तक्रार नाही, नुसती नोंद आहे. मैथिलीताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचे गणवेश, तिची सायकल, एक पाय वाकडा झालेलं तिचं कर्कटक, सगळं यथावकाश माझ्याकडे आलं. दहावीच्या गणिताच्या पुस्तकात तिनं पेन्सिलीनं उत्तरंसुद्धा लिहून ठेवली होती, म्हणजे मला गणितंही उष्टीच मिळाली. त्यातली दोन चुकलेली होती, हे मी तिला अजून ऐकवते.

त्यामुळे २००६च्या सप्टेंबरात बाबा जेवताना म्हणाले, "निरूला लॅपटॉप घेऊन टाकू," तेव्हा मला ठसकाच लागला. मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रबंध लिहायचा होता, आणि डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरपुढे एवढी रांग असे की नंबर लागेपर्यंत लिहायचं काय होतं तेच विसरायला व्हायचं.

"नवा घ्यायचा?" मी विचारलं.

"जुना," ताई म्हणाली. ती सी.ए.च्या ऑफिसात नोकरी करत होती आणि घरात तिचा शब्द चाले. "नव्याला चाळीस हजार पडतात. जुना अठरात येतो. दुसऱ्यानं वापरलेला असला की खोडी आधीच कळतात. तुला काय, सवय आहे."

शेवटचं वाक्य ती हसून म्हणाली, पण मला लागायचं ते लागलंच. आठवडाभर बडोद्याला सुभानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दुसरा विषय नव्हता. मी वहीत दोन रकाने आखले, जुना आणि नवा, आणि दोन्हीकडे गुण-दोष मांडले. रोज उत्तर वेगळं यायचं. खरं सांगायचं तर मी आनंदानं वेडी झाले होते. कोणताही आला तरी तो आधी ताईचा नसणार होता.

हर्षदभाईंचं दुकान सयाजीगंजात एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात होतं. भर दुपारीही आत ट्यूबलाइट, सोल्डरिंगचा वास आणि अंबामातेच्या तसबिरीपुढे उदबत्ती. फळीवर दहा-बारा जुने लॅपटॉप ओळीनं मांडलेले. आठ मी पाहिले. एकाची बिजागरी सैल, एकाच्या पडद्यावर रेघ. नववा काळा होता, कडेला चंदेरी पट्टी. मी त्यावर हात ठेवले आणि मला हसूच आलं, इतके ते बरोबर बसले.

इथे माझ्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं. मी सात वर्षांची असताना आमच्या हिंचक्याच्या कडीत माझी डावी अनामिका सापडली. झोके ताईच देत होती. बोटाचं पुढचं पेर गेलं. त्यामुळे मी टायपिंग नऊ बोटांनी शिकले. S हे अक्षर सगळे अनामिकेनं दाबतात, मी मधलं बोट तिरकं नेऊन दाबते, तेही नेहमी त्या बटणाच्या उजव्या कडेवर.

या लॅपटॉपच्या S बटणाची उजवी कड झिजून चकचकीत झाली होती. डावी बाजू कोरी होती. W आणि X चंही तेच.

मी स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी. बडोद्यात पंधरा लाख माणसं, त्यांत बोट गेलेली शेकड्यांनी असतील, त्यांतल्या एकाकडे लॅपटॉप असणं काही अशक्य नाही. हे मी तिथल्या तिथे मनात मांडलं आणि उलट खूशच झाले. माझ्यासाठी आधीच घडवून ठेवलेलं यंत्र!

L जरा जड दाबलं जात होतं. हर्षदभाईंनी ते बारीक चिमट्यानं उचकटलं. खाली तांदळाचा अर्धा दाणा होता, कुंकवानं लाल झालेला.

"पूजाना चोखा," ते म्हणाले. "निघत नथी. राहू द्या, शुभ आहे." मग त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम चालवून दाखवला. हार्ड डिस्क एकूण किती तास चालली आहे, ते त्यात कळतं. "जुओ बेन, फक्त आठसो बार कलाक! नवुं ज कहेवाय."

मी चटकन हिशेब केला. दिवसाला सात-आठ तास धरले तर आठशे बारा तास म्हणजे जेमतेम चार महिने. अठरा हजारांत चार महिन्यांचा लॅपटॉप! ताईला तोंडात बोट घालायला लावलं असतं मी.

"मग एवढ्यात विकला कशाला?"

"एना पप्पा मूकी गया, विकायला ठेवून. तुमच्यातलेच, मराठी काका. चष्म्याच्या दांडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. दीकरी, त्यांची मुलगी, वापरायची." हर्षदभाई पडद्यावरून फडकं फिरवत राहिले. "हवे नथी."

"आता नाही म्हणजे? परदेशी गेली का?"

त्यांनी फडक्याची घडी घातली. "चा पीशो, बेन?"

चहा मी घेतला. लॅपटॉप दोन दिवस राखून ठेवा म्हणून सांगितलं आणि सायकलवर जवळजवळ गात घरी आले.

घरी मी सगळं सांगितलं. अर्धा दाणा, चकचकीत बटणं, आठशे बारा तास. ताई म्हणाली, घेऊन टाक. आई म्हणाली, कुणा गेलेल्या मुलीचा असेल तर नको गं बाई.  बाबा रिफायनरीत शिफ्टवर जात, आणि त्या दसऱ्याला त्यांची जुनी स्कूटर बदलायची ठरली होती.

"कोणतं मॉडेल म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"तेच घ्यायचं. पण नवं. हिनं आजवर कोरी वही सोडून काही कोरं हातात धरलेलं नाही." स्कूटरबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि ताईनं मागून येऊन मला चिमटा काढला.

अलकापुरीतल्या शोरूममध्ये ते मॉडेल काचेच्या कपाटात होतं. काळं, कडेला चंदेरी पट्टी.

"आ तो काले ज आव्युं, मॅडम," तिथला माणूस म्हणाला. "आखा गुजरातमां पहेलो लॉट."

"कालच? मी याचा जुना पाहिलाय. सयाजीगंजात."

तो हसला. "अमेरिकाथी कोई लाव्युं हशे."

तेही शक्य होतं. कंपनीच्या पट्टीनं सीलबंद केलेलं खोकं मी मांडीवर घेतलं आणि बाबांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून घरी आले. प्रत्येक खड्ड्याला मी खोकं वर उचलत होते.

दसऱ्याच्या सकाळी ताईनं रांगेत उभं राहून फाफडा-जलेबी आणली, आईनं खंडेराव मार्केटातून झेंडू. पाटावर बाबांचे पाने-पक्कड, आईचं शिवणयंत्र आणि मधोमध माझं खोकं. पट्टी मी स्वतः कापली. नव्या प्लास्टिकचा तो वास! बटणं सगळी एकसारखी, मंद काळी, कुणाच्या बोटाची खूणसुद्धा नाही. मी S वर बोट फिरवून पाहिलं. दोन्ही कडा सारख्या. मला इतकं हलकं वाटलं की मी ताईला मिठीच मारली.

आईनं झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि अक्षता टाकल्या. मी तेवढ्यात उत्साहानं झाकण उघडलं. दोन-चार दाणे घरंगळत आत आले.

"अगं, थांब की!" आई ओरडली.

बाकीचे मी फुंकरीनं उडवले. एक अडकला. L च्या खाली.

मी सेफ्टी पिन घेतली. हलकेच टोक घालून ओढलं.

दाणा मोडला. अर्धा बाहेर आला.

अर्धा आत राहिला.

"राहू दे," आई म्हणाली. "शुभ असतं."

मी हसले. काय करणार? सगळे माझ्याकडे बघत होते, बाबा तर जास्तच. मी त्यांच्यासमोर पहिलं वाक्य टाइप केलं, 'माझे नाव निरुपमा', इंग्रजी अक्षरांत, आणि ते कौतुकानं दोनदा वाचून गेले.

पुढचे साडेतीन महिने मी तो लॅपटॉप अक्षरशः वापरून काढला. प्रबंधाची तीन प्रकरणं झाली, आलेख झाले, मैत्रिणी बघायला येऊन गेल्या. त्या दाण्याचा विचार मी योगायोगाच्या खात्यात टाकला होता. अशा खात्यात बरंच काही मावतं.

उत्तरायणाला आम्ही सगळे गच्चीवर होतो. आभाळभर पतंग, शेजारच्या गच्चीवरून 'काप्यो छे'च्या आरोळ्या, तिळाचे लाडू, उंधियूचं पातेलं. बाबा लहान मुलासारखे मागे-मागे सरत ढील देत होते. त्यांचा चष्मा पडला आणि त्यांचाच पाय त्यावर पडला. दांडी मोडली. सणाला चष्म्याचं दुकान कुठलं उघडं? त्यांनी फिरकीतला मांजा न चढवलेला दोरा तोडला आणि दांडीला गुंडाळून गाठ मारली.

पांढरा दोरा.

मी खाली आले. हर्षदभाईंनी दाखवला होता तो प्रोग्रॅम मिळवून मी तो चालवला. सातशे सदुसष्ट तास. मग ट्यूबलाइट लावून बटणं पाहिली. S ची उजवी कड चकाकत होती.

दोन दिवसांनी मी सयाजीगंजात गेले. दुकान तिथेच होतं, अंबामाता होती, हर्षदभाई होते. फळीवर तो काळा नव्हता.

"ते काका परत घेऊन गेले. दसऱ्याला सकाळीच," ते म्हणाले. "दीकरीनी वस्तू. जीव न चाल्यो, विकवेना." मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "तबियत सारी छे ने, बेन?"

त्या दिवसापासून मी लॅपटॉपला हात लावलेला नाही. विकायचा म्हटला तर न्यायचा कुठे? त्याच तळघरात? मोडून टाकायचा, तर बाबांना काय सांगू? ते अजून ती जुनी स्कूटर लाथा मारमारून चालू करतात. नव्या चष्म्याचंही त्यांनी मनावर घेतलेलं नाही, म्हणतात, दोरा चांगला बसलाय. स्टॅटिस्टिक्समध्ये पहिल्याच वर्षी शिकवतात की दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. मला ते पटतं. फक्त स्वतःवर प्रयोग करून बघायची हौस नाही. म्हणून उरलेली दोन प्रकरणं मी डिपार्टमेंटच्या रांगेत उभी राहून केली, आणि हेही बॉलपेननं लिहिते आहे. सातशे सदुसष्टातून आठशे बारा. पंचेचाळीस तास शिल्लक ठेवून मी म्हातारी होणार होते. मला त्याची गंमतसुद्धा वाटायला लागली होती.

आज दुपारी युनिव्हर्सिटीतून आले तर बाबा माझ्या टेबलापाशी. रात्रपाळी आहे, दुपारी घरीच असतात. समोर लॅपटॉप उघडा, पडद्यावर पत्त्यांचा डाव.

"तू हल्ली वापरत नाहीस," ते जरा ओशाळून म्हणाले. "बंद राहिला तर बिघडेल गं. नवी वस्तू आहे. म्हणून रात्रपाळी असली की दुपारी मी तासभर चालवून ठेवतो. तुझ्यासाठीच."

मी पाठीमागून वाकून प्रोग्रॅम उघडला. आठशे अकरा. लॅपटॉप बंद केला, झाकण लावलं आणि 'बाबा, आता नको' एवढंच म्हणून आतल्या खोलीत आले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. त्यांना कसं सांगायचं ते ठरवण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. लिहून झालं की बाहेर जाईन आणि सगळं सांगेन.

"निरू," बाबांनी आत्ताच बाहेरून हाक मारली, "तू लिही हं निवांत. शेवटचाच डाव."

आणि लॅपटॉप सुरू होताना वाजतं ते संगीत वाजलं.